अकरा सह्यांचा अर्ज

२०२२ सालच्या डिसेंबरात, एका संध्याकाळी पावणेसहाला, लक्ष्मीबाईंनी शेजारी उभ्या असलेल्या चंदनबालेला कोपरानं ढोसलं.

“जा गं. तुझा सूर्य निघाला घरला.”

चंदनबाला हातमोजे काढून, डबा घेऊन मागच्या दाराकडं गेली. लक्ष्मीबाई एक पाऊल डावीकडं सरकल्या. कवठे महांकाळजवळच्या त्या कारखान्यात बेदाणा सरकत्या पट्ट्यावरून यायचा आणि बायका उभ्यानं त्यातल्या काड्या, काळे दाणे वेचायच्या. पट्टा थांबत नसे. दुपारपाळीची जेवणाची सुट्टी साडेसातला. चंदनबाला जैनांची, दिवस मावळल्यावर अन्नाला शिवत नसे. म्हणून तीन वर्षं रोज पंधरा मिनिटं लक्ष्मीबाई दोघींच्या जागा बघत होत्या.

त्या महिन्यात पट्ट्याचा वेग वाढवला होता आणि चौदा बायकांच्या अकरा केल्या होत्या. घरी गेल्यावर डोळे मिटले तरी बेदाणा सरकताना दिसायचा. तशात मुंबईच्या गिऱ्हाइकाकडून एक खोकं परत आलं. आत काडी सापडली होती. खोक्यावर वेळ छापलेली होती, पाच बावन्न.

जागेवर नसल्याबद्दल व्यवस्थापक जयराज साहेबांनी चंदनबालेला नोटीस दिली. पाठीच्या दुखण्यानं तिचा नवरा दोन वर्षं घरीच होता. नोटीस घडी करून तिनं ब्लाउजमध्ये ठेवली आणि पुन्हा काड्या वेचायला लागली.

“तू का म्हणून एकटी मरायची?” लक्ष्मीबाई म्हणाल्या. “आमी हाय की. समद्या मिळून अर्ज देऊ.”

बारावी झालेल्या प्रियंकानं अर्ज लिहिला. चंदनबाला जेवायला जाते तेव्हा तिची जागा लक्ष्मीबाई सांभाळतात, तीन वर्षांत काम कधी अडलेले नाही, आम्हा सर्वांची याला संमती आहे. खाली अकरा सह्या. पहिली लक्ष्मीबाईंची.

“लय झ्याक लिवलंस,” त्या प्रियंकाला म्हणाल्या. “आता वकीलच हो.”

जयराज साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. मग दोघींना आत बोलावून खुर्च्या दिल्या.

“म्हणजे लक्ष्मीबाई, त्या वेळी दोन्ही जागा तुम्ही बघत होता. काडी तुमच्याच हातून गेली.”

“आवं सायेब, पट्टा किती पळतोय बघा की. दोन डोळ्यांनी किती बघायचं?”

“मग दोन जागा घ्यायच्या कशाला? कुणी परवानगी दिली?” ते चंदनबालेकडं वळले. “तुम्ही सांगितलं होतं यांना? का यांनी आपणहून केलं?”

लक्ष्मीबाईंनी निर्धास्तपणे तिच्याकडं पाहिलं. चंदनबाला पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली.

“मी कवा सांगितलं न्हाई, साहेब. मावशी आपणहूनच करायच्या.”

ते खरंच होतं. तीन वर्षांत तिला एकदाही सांगावं लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून लक्ष्मीबाईंना कामावरून काढलं. उरलेल्या दहा जणींनी अर्ज मागे घेत असल्याचं लिहून दिलं. तेही प्रियंकानंच लिहिलं.

जयराज साहेब पुढं साताऱ्याच्या एका मोठ्या कारखान्यात गेले. निरोपाच्या दिवशी बायकांनी त्यांना शाल दिली. प्रियंकाला अक्षर चांगलं म्हणून ऑफिसात घेतलं. चंदनबालेची नोटीस रद्द झाली आणि पंधरा मिनिटांची लेखी परवानगीही मिळाली. तेवढा वेळ आता पट्टा हळू चालवतात. लक्ष्मीबाईंना आसपास दुसरं काम मिळालं नाही. त्या मेढ्याला लेकीकडं राहायला गेल्या, तिथं नातवंडं सांभाळतात.

गेल्या वर्षी हिवाळ्यात सांगलीच्या स्टँडवर दोघी समोरासमोर आल्या. संध्याकाळचे सात वाजले होते. चंदनबाला नवऱ्याचे रिपोर्ट दवाखान्यात दाखवून एकटीच परतत होती. चुकवून जावं म्हणून ती वळली, पण लक्ष्मीबाईंनी आधीच पाहिलं होतं. त्या जवळ आल्या, तिच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

“वाळलीस गं. जेवलीस का?”

“व्हय, मावशी,” ती म्हणाली.

सकाळपासून ती जेवली नव्हती, आणि दिवस मावळून तास झाला होता.