थंडीतला एसी

हॉल

जानेवारीत दुबईजवळच्या अजमानला कोणी एसी लावत नाही. खिडकी उघडली की समुद्राचं गार वारं आत येतं. तरी त्या शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, विलासने आतल्या बेडरूमचा जुना एसी फुल केला. तो ट्रकसारखा घरघरू लागला. विलासने हॉलमध्ये येऊन कान दिला.

"आता काही ऐकू येत नाही," तो बायकोला म्हणाला.

रंजिता कांदा चिरत होती. "गारठेल ती."

"ब्लँकेट घाल अजून एक. तासाभराचा प्रश्न आहे. आशाचं एकदा जमू दे, मग बघू तुझ्या त्या शाळेचं."

आशा ही विलासची धाकटी बहीण, चिपळूणला असते. तिला पसंत केलेल्या मुलाचे मामा-मामी दुबईला करामा भागात राहतात. भावाचं घर कसं आहे ते बघायला ते आज येणार होते.

लोक विचारतात तेव्हा

मुलगी दिसत नाही तुमची?
गावी असते, आजीकडे.
सुट्टीत आणत नाही?
तिला इथली हवा मानवत नाही.
एखादा फोटो?
चहा घेणार ना तुम्ही?

आत

अस्मी सात वर्षांची. चालत नाही, बोलत नाही. आईच्या बांगड्या वाजल्या की डोळ्यांनी हसते. ती गावाला एकदाही गेलेली नाही. गाव म्हणजे ही आतली खोली. पाहुणे आले की विलास दाराला बाहेरून कुलूप लावतो आणि चावी खिशात ठेवतो.

फोनवर

शारजातली सुजाता रंजिताला दवाखान्यात भेटली होती. तिचा जय खास मुलांच्या शाळेत जातो. त्या शाळेतल्या मुलांच्या आयांनी एक युक्ती काढली होती. शारजा-अजमानमध्ये लँडलाइनवर बोलायला पैसे पडत नाहीत. मग एकीला अंघोळीला जायचं असलं, खाली ग्रोसरीत जायचं असलं, की तिने फोन लावून रिसीव्हर मुलाच्या उशाशी ठेवायचा. दुसरी तिच्या घरी भाजी निवडत कान देऊन बसायची. त्याला त्या 'ड्यूटी' म्हणत. रंजिता शाळेतली नव्हती, तरी सुजाताने तिलाही ड्यूटीत घेतलं होतं.

"उद्या शनिवार," सुजाता म्हणाली. "मॅडमना मी थांबवून ठेवलंय. उद्या अस्मीला आणलं नाहीस तर सीट खलास."

"ह्यांचं म्हणणं आहे, लग्न ठरेपर्यंत..."

"म्हणणं आमच्या ह्यांचंही होतं एक. रिटायर होऊन बसलंय आता. ठेव रिसीव्हर उशाशी. पाहुणे जाईपर्यंत ड्यूटी माझी."

रंजिताने रिसीव्हर अस्मीच्या कानाजवळ ठेवला. विलासला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने कुलूप लावलं.

हॉल

रामचंद्रमामा मोकळे गृहस्थ होते. पोहे दुसऱ्यांदा मागून घेतले. मामी सगळं बघत होत्या. पडदे, देव, बंद दार.

"आत एसी चालू आहे वाटतं?"

"बंद करायला विसरलो," विलास म्हणाला.

"आणि मुलगी?"

"गावी असते."

"बरंय. गावी संस्कार होतात," मामी म्हणाल्या. रंजिताने बशा उचलल्या.

फोनवर

सुजाताला आधी फक्त एसी ऐकू येत होता. मग पलंगाचा लोखंडी पाय भिंतीवर आपटू लागला. थांबेना. घशातला तो आवाज तिने जयच्या वेळी ऐकला होता. तिला फोन ठेवून पुन्हा लावता येईना, कारण तिकडचा रिसीव्हर उशाशी काढून ठेवलेला, लाइन एंगेज लागली असती. ती रिसीव्हरमध्ये ओरडत राहिली. पण तिकडे ऐकणारी एकटी अस्मीच होती.

हॉल

"जरा घरी फोन करतो," म्हणत मामांनी टीव्हीजवळचा फोन उचलला. लाइन एकच, फोन दोन.

मामा डायल करता करता थांबले. "कोणी बाई बोलतायत यावर."

"क्रॉस कनेक्शन," विलास चटकन म्हणाला. "इथे हल्ली फार होतं."

"म्हणतायत, रंजिता, अस्मीला फिट आलीय, दार उघड." मामांनी रिसीव्हर खाली घेतला. "क्रॉस कनेक्शनमध्ये वहिनींचं नाव कसं काय?"

विलास हसला. हसू तोंडावर तसंच राहिलं.

"अहो, चावी द्या," रंजिता म्हणाली.

"दोन मिनिटं थांब. आशाचं..."

ती थांबली नाही. पाहुण्यांसमोर तिने नवऱ्याच्या खिशात हात घातला.

आत

अस्मीचे ओठ निळसर पडले होते. रिसीव्हर पलंगावरून खाली लोंबत होता आणि त्यातून सुजाता सांगत होती, "कुशीवर वळव. तोंडात काही घालू नकोस. मी आहे. मी आहे इथे."

हळूहळू हात सैल झाले. श्वास नीट चालू झाला. रंजिताने एसी बंद केला. एवढी शांतता त्या घरात पाहुण्यांसमोर कधी झाली नव्हती.

दारात मामी उभ्या होत्या. "ही गावी असते ना?"

"हेच तिचं गाव," रंजिता म्हणाली. "आजपासून ती गावी राहणार नाही."

त्यानंतर

करामातून निरोप आला, पत्रिका जुळत नाही. चिपळूणला आशा रडली. विलासने रंजिताशी बोलणं टाकलं, आणि तिच्या हातचं जेवणं मात्र चालू ठेवलं. पण दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सुजाता शाळेत न्यायला टॅक्सी घेऊन आली. रंजिता अस्मीला कडेवर घेऊन जिना उतरली. शेजाऱ्यांची दारं उघडत गेली. कोणी काही विचारलं नाही, कारण विचारायचे सगळे प्रश्न त्यांचे आधीच विचारून झाले होते.

फोनवर, पुढच्या जानेवारीत

आता शाळेतर्फे अशी मुलं असलेल्या नव्या घरांना फोन करायचं काम रंजिताकडे आहे. कोणीतरी नंबर दिला म्हणून तिने अजमानलाच एक फोन लावला. बदरुन्निसा, मूळच्या रत्नागिरीच्या.

"तुमचा मुलगा..."

"तो हितं नसतो. गावाला असतो, माझ्या सासूकडं."

रंजिताने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. खिडकीतून गार वारं येत होतं. फोनमध्ये काहीतरी जुनं, ओळखीचं घरघरत होतं.

"ताई," ती म्हणाली, "एवढ्या थंडीत एसी कशाला लावलाय?"

रंजिताने फोन ठेवला नाही. तिला घाई नव्हती.

बऱ्याच वेळाने तो एसी बंद झाला, आणि त्याच्यामागे दडलेला मुलाचा आवाज ऐकू आला.