तिखाडीची बाटली

झुंबरबाईंचे गुडघे अख्ख्या गल्लीला ठाऊक होते. उठताना गुडघे कुरकुरायचे आणि बसताना झुंबरबाई. सून म्हणून कोकिळा पसंत पडली ती तिचा बाप तेल काढतो म्हणून, असं गल्ली म्हणायची. गल्लीचं काय, तिला तेवढाच उद्योग.

बाप म्हणजे मोतीराम. वरवट बकालच्या पलीकडं, सातपुड्याच्या पायथ्याशी त्याची भट्टी. पावसाळा सरला की डोंगरउतारावरचं तिखाडीचं वासाचं गवत कापायचं, देगीत उकळायचं आणि वाफेतून उतरणारं तेल थेंबथेंब धरायचं. दिवाळी झाली की एक बाटली फडक्यात गुंडाळून तो यष्टीनं खामगावला लेकीकडं यायचा. तो दारात पोचायच्या आधी वास आत यायचा, थोडा गुलाबाचा, थोडा गवताचा.

"इहीनबाई, गुडघे कसे हायेत?" ओसरीच्या कडेला टेकून तो विचारायचा.

"हायेत अजून जाग्यावर. आणलं का तेल?" झुंबरबाई म्हणायच्या.

बस, एवढंच. लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही आणि कामाशिवाय तिची पायरी चढायची नाही, हा रिवाज मोतीरामनं इतका इमानानं पाळला की बघणाऱ्याला राग यावा. तेल पोचवणं हे त्याचं काम. ते झालं की लेकीकडं डोळे भरून बघायचा आणि आल्या पावली निघायचा.

मग हिवाळाभर संध्याकाळी कोकिळा सासूच्या पायाशी बसायची. नुसतं तिखाडीचं तेल कातडीला झोंबतं, म्हणून कोमट तिळाच्या तेलात चार थेंब टाकायचे. तेल सासूच्या गुडघ्यात मुरायचं आणि वास कोकिळाच्या डोक्यात. मूल होत नाही म्हणून दिवसभर ऐकलेले टोमणे विरून जायचे, छातीतला श्वास मोकळा व्हायचा. ती गुणगुणायला लागायची. झुंबरबाईंनाही बसल्याजागी डुलकी यायची. भाजीतल्या मिठावरूनसुद्धा ज्यांचं कधी जमलं नाही, त्या दोघींचं त्या वेळेला मात्र जमायचं.

काही हिवाळे असे गेले आणि झुंबरबाई खरंच काठीशिवाय देवळात जाऊन यायला लागल्या. त्या दिवाळीनंतर मोतीराम आला तो धापा टाकत, पाठीत वाकलेला. कोकिळाला त्याची फार दया आली. तिनं दारातच त्याला आनंदाची बातमी दिली.

"बाबा, आत्याबाईचे गुडघे बरे झाले! आता एवढ्या दुरून काऊन येता? हेच तेल दोन सालं पुरन."

मोतीरामनं बाटली तिच्या हातात दिली.

"बरं झालं," तो म्हणाला. "लय बरं झालं."

कोपऱ्यावर त्यानं वळून पाहिलं. पण चुलीवर दूध उतू जात होतं आणि कोकिळा आत पळाली होती.

पुढच्या दिवाळीला तो आला नाही. त्याच्या पुढच्याही. आई गेल्यापासून माहेरी आठवणीनं बोलावणारं कुणी नव्हतं आणि भट्टीचा हंगाम असेल म्हणून कोकिळानंही मनाची समजूत घातली. बाटली रिकामी झाली. तिची झोप उडाली, सासूशी शब्दाला शब्द वाढायला लागला. एकदा रिकाम्या बाटलीचं बूच काढून ती वास घेत होती, तेव्हा झुंबरबाईंनी तिला पाहिलं.

"अवं, तेल द्याले येत होता का तो?" त्या म्हणाल्या. "तुले पाह्याले येत होता. माह्ये गुडघे बरे झाले सांगून तू त्याचा रस्ताच बंद केला."

कोकिळानं बाटलीचं बूच परत लावलं. आपण बापाचे कष्ट वाचवले, असं तिला वाटत आलं होतं.

"सांगावा धाड," झुंबरबाई म्हणाल्या. "म्हणाव, म्हातारीचे गुडघे पुन्हा धरले."

सांगावा जायच्या आधीच कोकिळाचा भाऊ कडूबा दारात आला. बापाला लकवा मारला होता.

कोकिळा माहेरी पोचली तेव्हा मोतीराम खाटेवर पडलेला होता. कोकिळानं हाका मारल्या, पण तो आढ्याकडंच बघत राहिला.

"कोणालेच वळखत नाही," कडूबा म्हणाला. "पह्यले खामगावचा माणूस दिसला का इचारे, इहीनबाईचे गुडघे कसे हायेत? चांगले हायेत म्हटलं का गुमान भट्टीवर जाये."

कोकिळानं कोनाड्यातली तिखाडीची बाटली काढली. कोमट तेलात थेंब टाकले आणि बापाच्या थंडगार तळव्यांना चोळायला लागली. चोळता चोळता रडत होती. हळूहळू खोलीभर वास पसरला. मोतीरामच्या नाकपुड्या हलल्या. नजर आढ्यावरून उतरली आणि तिच्यावर येऊन थांबली.

"इहीनबाईचे... गुडघे कसे हायेत?"

"दुखतेत, बाबा," कोकिळा म्हणाली. "लय दुखतेत. तुमचं तेल पायजे."

मोतीरामचा अर्धा चेहरा हसला.

"मंग याच लागन," तो म्हणाला, आणि चालत्या हातानं खाटेखाली चपला चाचपायला लागला.