रिकाम्या मैदानातली सासू

देवाला सिनेमा पसंत नाही, हे सांगायला देवळाचे अध्यक्ष को स्वतः लसणाच्या गोदामात आले. सूयुन तेव्हा कात्रीने लसणाच्या गड्ड्यांची मुळं छाटत बसली होती आणि तिचं डोकं सकाळपासूनच तापलेलं होतं. मास्कच्या आत लसणाचा वास, मास्कच्या बाहेर लसणाचा वास, आणि शेजारची बाई सारखी विचारत होती की तुमची नाटकमंडळी पुन्हा कधी सुरू होणार. जणू सूयुननेच मंडळीला कुलूप घालून किल्ली कमरेला लावली होती.

साथीचं वर्ष होतं. युनलिनच्या त्या किनारपट्टीवर देवाच्या वाढदिवसाला, नवस फेडायला, पीक घरात आल्यावर गाण्याचं नाटक लावतात. सूयुनच्या मंडळीचा मुक्काम एरवी ट्रकवरच असायचा. उन्हाळ्याच्या तोंडाशी सगळं बंद झालं. राजकन्येचं काम करणारी स्कूटरवरून जेवणाचे डबे पोचवू लागली, सेनापती मेव्हण्याच्या गाडीवर कोंबडी तळू लागला. आणि त्याच धामधुमीत सूयुनचा नवरा मूछुआन गेला. साथीने नव्हे, हृदयाने. मंडळीचा ढोल जन्मभर त्याच्या हातात होता; त्याला पोचवायला मात्र मोजकी माणसं, वाजंत्री नाही, ढोलाचा एक ठोकासुद्धा नाही. नियम तसा होता. सूयुन रडली नाही. तिला राग आला, आणि तो राग मग उतरलाच नाही. चहाच्या न उघडणाऱ्या झाकणावर, तांबड्या सिग्नलवर, सांत्वनाला येणाऱ्या माणसांवर, जो समोर येईल त्याच्यावर तो निघत राहिला.

को उभ्याउभ्याच सांगू लागले. शरदाच्या पौर्णिमेला देवळातल्या देवाचे, भूमीआजोबांचे, आभार मानायचे, तर समितीने ठरवलं की यंदा देवळासमोर पडदा लावून सिनेमा दाखवू. देव बघेल, माणसं घरी बसतील. रीतीप्रमाणे कौल लावला, तर लाकडाच्या दोन्ही फोडी सपाट बाजू वर करून पडल्या. म्हणजे देव नुसता हसला, होकार नाही. त्यांनी विनोदी सिनेमा विचारला, लढाईचा विचारला. देव हसतच राहिला. शेवटी वैतागून त्यांनी जिवंत नाटकाचं विचारलं आणि होकार आला, तोही लागोपाठ. तालुक्याच्या कचेरीने परवानगी दिली होती. फक्त प्रेक्षकांना बंदी.

"अध्यक्षसाहेब," सूयुन कात्री न थांबवता म्हणाली, "माझा नायक सत्तरीपलीकडचा आहे आणि त्याच्या गुडघ्यात पाणी झालंय. माझी राजकन्या स्कूटरवर आहे. माझा ढोलवाला कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक आहे."

को यांना ते ठाऊक होतं. ते मूछुआनच्या अंत्यविधीला आलेल्या मोजक्या माणसांतले एक होते.

"मग तूच येऊन आजोबांना नाही सांग," ते म्हणाले. "मला नाही जमायचं."

सूयुनलाही जमलं नाही. तिने विचार केला, छायफंगच नाही म्हणेल आणि विषय मिटेल. छायफंग म्हणजे तोच सत्तरीपलीकडचा नायक. या नाटकांत देखणे तरुण बहुधा बायकाच रंगवतात, आणि छायफंग तर उमेदवारीच्या वयापासून विद्वान, राजपुत्र आणि फसवे प्रियकर रंगवत आलेली. सूयुन तिच्या घरी पोचली तेव्हा तिने जाड तळव्यांचे बूट पुसून दारात उन्हाला ठेवले होते. बातमी तिच्यापर्यंत कधीच गेली होती. सूयुनने गुडघ्यांचा विषय काढला, तर गुडघे माझे आहेत, तुझे नव्हेत, असं म्हणून तिने तो बंद केला.

पुढचे दिवस सूयुनच्या नाकी नऊ आले. उंदरांनी पडद्यावरच्या राजवाड्याचा एक खांब कुरतडला होता. फिडल वाजवणारा म्हणाला, येतो, पण संध्याकाळी मलाही डबे पोचवायचेत, त्याआधी सोडा. सेनापतीच्या अंगाला तेलाचा वास बसला होता. ढोलासाठी शेजारच्या गावातला म्हातारा तान मिळाला. त्याने वाजवणं सोडून जमाना झाला होता आणि तो इतका संथ वाजवायचा की त्याच्या तालावर चालताना पाय उचलला की ठेवायचा कधी, हे कळत नसे. मूछुआनचा ढोल तिने काढून दिला तेव्हा तानने आधी हात धुतले. त्याचाही तिला राग आला. का आला ते तिला सांगता आलं नसतं.

आणि सासूचं काम करायला कुणी नव्हतं. गोष्ट साधी: जावई परीक्षेला जातो, वर्षभर पत्ता नाही, परत येतो तेव्हा सासू त्याला दारातच सोलून काढते. लिहिलेलं काही नसतं. आधी गोष्ट सांगायची, बाकीचं जो तो रंगमंचावर रचतो आणि गातो. सूयुन एके काळी सासवा करायची, पण हिशेब, ट्रक आणि भांडणं सांभाळता सांभाळता तिने ते कधीच सोडलं होतं.

"तू कर," छायफंग म्हणाली. "सकाळी उठल्यापासून तेच तर करतेस."

पौर्णिमेच्या दुपारी देवळासमोर दोरी लावली होती. बाकडी काढून टाकलेली. आजोबांची मूर्ती बाहेर आणून रंगमंचासमोर एका उंच खुर्चीत बसवली होती, आणि बाजूला कचेरीचा एक माणूस पंखा घेऊन बसला होता, कुणी जमू नये म्हणून. बाकी सगळं मैदान ओस. समुद्राकडून वारा येत होता आणि त्यात प्लास्टिकच्या पिशव्या गोल फिरत होत्या. सूयुन विंगेतून बघत होती आणि तिला दिसत होत्या त्या फक्त चुका. खांबाचं ठिगळ दिसतंय. सेनापती उशिरा शिरला. तान झोपलाय की काय.

मग तिचा प्रवेश आला. छायफंग, पांढऱ्या झुळझुळीत अंगरख्यात, पंखा उघडून, खरोखर पंचविशीची दिसत होती. तिने दाराशी थांबून जावयाची विनवणी गायची होती. पण ती मैदानाकडे वळली, जरा वेळ बघत राहिली, आणि तिने भलतंच गाणं धरलं:

"मैदान ओस, बाकडी ओस, ऐकायला कुणी नाही,
आजोबा एकटे, तेही पेंगले, टाळी द्यायला कुणी नाही."

सूयुनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गोष्टीत हे कुठेच नव्हतं. आता यातून परत परीक्षेवर यायचं कसं? फिडलवाला तिच्याकडे बघत होता. ती तरातरा पुढे झाली आणि जे तोंडात आलं ते तिने सुरात फेकलं:

"टाळी कसली मागतोस मेल्या, हात धुऊन ये आधी,
उंबऱ्याबाहेर उभा राहा, मग बघू खाट नि गादी."

कुणीतरी हसलं. वरून कुठून तरी. सूयुनने मान वर केली आणि तिला तेव्हा दिसलं. मैदानाभोवतीच्या घरांच्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. गच्च्यांवर छत्र्या उघडून माणसं बसली होती. खिडक्यांतून म्हाताऱ्या ओणवल्या होत्या, आणि एक अख्खं कुटुंब आपल्याच अंगणातल्या ट्रॅक्टरवर चढून पपनस सोलत होतं. प्रत्येक जण आपापल्या हद्दीत. कचेरीचा माणूस इमानाने मैदानाकडे बघत होता, आणि मैदान रिकामंच होतं.

मग सूयुन थांबली नाही. सासूने जावयाला विचारलं, वर्षभर होतास कुठे, इथे मी लसणाची मुळं छाटून बोटं सोलून घेतली. तिने शेजारणींना घेतलं, सांत्वनाला येऊन फुकटचा चहा पिणाऱ्यांना घेतलं, बंद दुकानांना, उघड्या औषधांच्या दुकानांना, दर दुपारी टीव्हीवर आकडे सांगणाऱ्या साहेबांना घेतलं. छायफंग प्रत्येक ओळीला अशी काही मान खाली घालत होती की गॅलऱ्यांत हसून हसून खोकल्याची उबळ यायची आणि मग सगळे खोकणाऱ्याकडे संशयाने बघायचे. सूयुनचा आवाज चिरकला होता, पण पोचत होता. महिनोन्महिने जे घशात अडकलं होतं ते सुरात बसत होतं आणि तिला ते सुचत होतं, एकामागून एक, जणू कुणी हातात देत होतं.

आणि मग ती खुर्चीतल्या देवाकडे वळली. हे तिने ठरवलं नव्हतं. गायचंही ती विसरली, नुसती बोलली.

"आजोबा, माझा माणूस नेलात. नेलात तर नेलात. पण जन्मभर तुमच्या दारात वाजवलं त्याने, जाताना एक ठोका तरी वाजू द्यायचात."

कुणी हसलं नाही. गोष्टीतल्या सासूचा नवरा मेलेला आहे की जिवंत, हे कुणी ठरवलंच नव्हतं. छायफंगने पंखा मिटला.

तेव्हा म्हाताऱ्या तानने काठ्या उचलल्या आणि सेनापती रणात जाताना वाजवतात तो पूर्ण ताल वाजवला, पहिल्या ठोक्यापासून शेवटच्यापर्यंत, एकही गाळला नाही. कुणी त्याला थांबवलं नाही. सूयुन पाठमोरी उभी राहून ऐकत होती. तो अजूनही संथच होता. मूछुआनने निम्म्या वेळात उरकला असता. तिच्या गालावरचा रंग ओघळत होता आणि रंग ओघळतोय याचाच तिला संताप येत होता, कारण प्रवेश अजून संपायचा होता.

शेवटी जावयाने गुडघे टेकून क्षमा मागितली. टेकले ते टेकलेच. छायफंगला उठता येईना, आणि ती ओठ न हलवता पुटपुटली, "सूयुन, उचल मला." सूयुनने जावयाचा कान धरून त्याला उभं केलं. गॅलऱ्या दणाणल्या.

प्रयोग संपल्यावर दोरीपाशी शेंगांच्या पिशव्या आणि पपनसं येऊन पडली. एका खिडकीतली म्हातारी ओरडून म्हणाली की सासू चांगली होती, पण चाल जरा गावठी झाली. सूयुनने तिला काहीतरी उत्तर दिलं, ते वाऱ्यात गेलं, बरंच झालं. को जवळ आले आणि उद्याच्या प्रयोगाचा विषय काढू लागले. आजोबांना विचारून बघतो म्हणाले. आजोबांना विचारायच्या आधी माझ्या माणसांना विचारा, असं तिने सुनावलं. पण जमणार नाही, असं काही ती म्हणाली नाही.

संध्याकाळी तिने ट्रक हमरस्त्यावर काढला. शेजारी छायफंग गुडघ्यांवर गरम पिशव्या ठेवून डोळे मिटून बसली होती. पुढे लसणाने भरलेली एक गाडी रांगत होती, ना बाजूला होत होती, ना वेग घेत होती. सूयुनने हॉर्न वाजवला, शिवी हासडली, आणि मग तिच्या लक्षात आलं की शिवी तालात बसलीय. तिने ती पुन्हा म्हणून बघितली, पुढे एक ओळ जोडली.

"दुसरी ओळ लंगडी आहे," छायफंग डोळे न उघडता म्हणाली.

"मग तू सांग की, ताई," सूयुन म्हणाली, आणि स्टीअरिंगवर बोटांनी ठेका धरून वाट बघू लागली.