खिडक्या उघड्या होत्या

“कोर्टात विचारलं, तर एवढंच सांगायचं, खिडक्या बंद होत्या. पुढं एक शब्द नाही!” थोरल्या दिरांनी बजावलेलं हे वाक्य पॉलिशवाल्याच्या बायकोच्या कानांतून जात नव्हतं. रोजची प्रार्थनासुद्धा त्यापाशीच अडायची.

घडलं होतं ते असं. तिचा नवरा फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश करायचा. एका दुपारी तो जेवणाच्या सुट्टीत पिऊन आला. सोबतच्या सुताराशी शब्दाला शब्द वाढला आणि यानं लाकडी हातोडा त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडलं. आता नवरा जामिनावर सुटला होता, आणि दिरांनी युक्ती काढली होती : पॉलिशमधल्या स्पिरिटची वाफ बंद खोलीत डोक्यात गेली, म्हणायचं!

आज तिघंही वकीलबाईंसमोर बसली होती.

“नकळत चढलेली नशा असेल, तर कायदा ऐकून घेतो,” चष्मा पुसत वकीलबाई म्हणाल्या. “पण त्या दिवशी काम कसलं होतं?”

“पॉलिशचंच की!” दीर म्हणाले.

बायकोला ती दुपार आठवली. डबा द्यायला तीच गेली होती. पॉलिश चालू असलं की धूळ बसू नये म्हणून खिडक्या लावून घेतात, हे खरं. पण त्या दिवशी नुसतं घासकाम होतं. भुसा बाहेर जावा म्हणून सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या!

“बाई, खोटं नाही निघायचं माझ्या तोंडून,” ती हळूच म्हणाली. “खिडक्या उघड्या होत्या.”

“झालं! घरचा भेदी!” दीर उसळले. “अहो, तो शुद्धीत होता कुठं? दारूनं मारलं, त्यानं नाही.”

“दारूला हात असतात का हो?” वकीलबाई म्हणाल्या. “बाटली उघडताना तर शुद्ध होती ना? आपणच दिवा मालवायचा आणि ठेच लागली की अंधाराला शिव्या द्यायच्या!”

इतका वेळ मान खाली घालून बसलेल्या नवऱ्यानं वर पाहिलं.

“दादा, पुरे. माझ्या हातानं प्यालो. मारलंही मीच. हिला खोटं बोलायला लावून सुटलो, तर घरी कुठल्या तोंडानं जेवू?”

केवढं ओझं उतरलं तिच्या छातीवरचं! तिनं पदरानं डोळे टिपले.

“शिक्षा टळेल असं सांगत नाही,” वकीलबाई म्हणाल्या. “पण सुताराचा हात बरा होतोय, तुझी चूक पहिलीच आहे, कबुलीही आहे. ते मी मांडीन. तू आधी पिणं सोड.”

“उद्याच व्यसनमुक्ती केंद्रात नाव घालतो. शब्द देतो.”

बाहेर पडताना दीर पुटपुटले, “भेदी म्हणालो, मनावर घेऊ नकोस गं.”

“प्यायला होता बिचारा, जाऊ द्या,” असं म्हणत आपणही किती जणांना पाठीशी घालतो! आपल्या मर्जीनं नशा केली, तर तिच्या भरात उगारलेला हातही आपलाच असतो. हे आपण आपल्या माणसाला प्रेमानं, पण स्पष्ट सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्यानं केंद्राचा पत्ता खिशात घातला, चपला पायांत सरकवल्या, आणि कुणालाही हाक न मारता दार ओढून घेऊन तो निघाला.