मुकादम, दक्ष

मुकादम हे कुत्र्याचं नाव. चौपन्न किलोचा ग्रेट डेन, उंचीला डायनिंग टेबलाएवढा, आणि टेबलावरचं सगळंच आपलं नसतं हे त्याला अजून कुणी पटवून दिलेलं नव्हतं. पिल्लू होता तेव्हापासून घरातली माणसं त्याच्या मागून चालत आली, म्हणून अनिरुद्धनं त्याला मुकादम म्हणायला सुरुवात केली. पुढे त्याच मुकादमानं कोथरूडच्या भर रस्त्यात अनिरुद्धचा खांदा निखळवला. डॉक्टरांनी तीन महिने पट्ट्याला हात लावायचा नाही असं बजावलं आणि पट्टा आला अनिरुद्धच्या बायकोच्या हातात. शालन जगदाळे, वय साठ, वजन पन्नास, तीस वर्षं शाळेत कवायत शिकवून दोन वर्षांपूर्वी निवृत्त.

पहिल्याच आठवड्यात व्हायचं ते झालं. वॉचमनच्या केबिनमधला पिवळा बोका आडवा गेला. बोक्यामागे मुकादम, मुकादमामागे शालन, एक चप्पल पायात नि दुसरी कुठे ते विचारू नका. समोरून सोसायटीचे सेक्रेटरी दीनानाथ परचुरे इडलीचं पीठ घेऊन येत होते. परचुरे आडवे, पीठ परचुऱ्यांवर, आणि पीठ चाटायला मुकादमही परचुऱ्यांवर. शालननं माफी मागितली, पीठ आणून दिलं, शर्ट धुऊन देते म्हणाली. तरी संध्याकाळी बोर्डावर परचुऱ्यांच्या वळणदार अक्षरात सूचना लागलीच. ‘कुत्रा मालकास फिरवतो की मालक कुत्र्यास, हे घराबाहेर पडण्यापूर्वी ठरवून घ्यावे.’

कमिटीची सभा भरली. सोसायटीला असं कुत्रं हाकलता येत नाही हे शालनला पक्कं माहीत होतं, पण स्वभाव पडला तिखट.

"कायदा माझ्या बाजूनं आहे, खांदा नाहीये," ती म्हणाली. "दोन महिने द्या. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाच्या आधी सगळ्यांसमोर याला लॉबीपासून गेटपर्यंत नेऊन परत आणते. पट्टा एकदा जरी ताणला, तर त्याच दुपारी मुकादम मांजरी गावाला जाईल."

मांजरीला अनिरुद्धचे चुलतभाऊ होते, नागोराव. उसाचं रान, मोठं अंगण, दारात दोन कुत्री आधीच. "पाठवा की वहिनी, जागा लय हाय," असं ते फोनवर म्हणालेच होते. परचुऱ्यांनी ठराव तिथल्या तिथे लिहून काढला आणि खाली शालनची सही घेतली.

बोलून बसली खरी आणि घरी आली. मुकादम दारातच उभा होता, शेपटीनं चपलांचं कपाट बडवत. निवृत्त झाल्यापासून शालनचं कुणी म्हणून ऐकत नव्हतं. शाळेत तिच्या एका शब्दावर सहाशे पोरं टाचा जुळवायची, आणि घरी आता दूध उतू जातंय म्हटलं तरी कुणी पेपरातून डोकं काढत नव्हतं. हा एवढा धटिंगण मात्र ती उठली की उठायचा, बसली की तिच्या पावलावर हनुवटी ठेवून झोपायचा. त्याला मांजरीला पाठवायचं म्हटल्यावर तिला रडू आलं आणि ती चांगली रडली. मग तोंड धुतलं, ट्रंकेतून जुनी शिट्टी काढली आणि घड्याळाला पहाटे साडेपाचचा गजर लावला.

पद्धत साधी होती. त्यानं ओढलं की आपण खांबासारखं उभं राहायचं. पट्टा सैल झाला की पुढचं पाऊल. पहिल्या दिवशी गेटपासून कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत जायला पन्नास मिनिटं लागली. "पुतळा कुणाचा बसवलाय म्हणायचा?" असं विचारून एक काका चालते झाले. तिसऱ्या दिवशी चाळीस मिनिटं, आठवड्यानं वीस. पण नुसतं उभं राहून बोका थोडाच टळणार होता? मग बाईंनी ठेवणीतलं काढलं. सोसायटीच्या आवारात, बरोबर परचुऱ्यांच्या बाल्कनीखाली, पोट आत, मान ताठ, आणि आवाज असा की कबुतरं उडावीत : "मुकादम, दक्ष!" दक्ष म्हटलं की बुड टेकायचं आणि हलायचं नाही. विश्राम म्हटलं की आडवं व्हायचं आणि खारी मिळायची. खारी म्हटल्यावर मुकादम काय, कुणीही शिकेल. शिट्टीला मात्र त्यानं शेवटपर्यंत भीक घातली नाही. त्याला बाईंचाच आवाज लागायचा.

परचुऱ्यांनी दोनदा लेखी तक्रार केली. ‘सकाळी सहा वाजता रहिवाशांस दक्ष करू नये.’ शालननं दोन्ही कागद फाइलला लावले आणि कवायत चालू ठेवली. जानेवारी उजाडेपर्यंत मुकादम बोक्यासमोर बसून थरथरायचा, पण उठायचा नाही. शालनला असा आनंद होई की जिन्यावरून ती एकेक पायरी गाळून चढायची.

आणि पंचवीस तारखेला तिचा आवाज बसला. दोन महिने थंडीत ओरडल्यावर दुसरं काय होणार? हळद झाली, ज्येष्ठमध झाला, गुळण्या झाल्या. घशातून नुसती हवा.

"पुढे ढकलूया, अगं," अनिरुद्ध म्हणाला. शालननं जोरात मान हलवली. शब्द दिला होता आणि सही केली होती. अनिरुद्धनं "दक्ष" म्हणून बघितलं, पण ते चहा मागितल्यासारखं आलं. मुकादमानं एक जांभई दिली.

सव्वीसला आवारात ही गर्दी. खुर्च्या, माइक, टेबलावर जिलबीचे खोके. परचुरे पांढऱ्या शर्टात, झेंड्याच्या खांबापाशी, हातात ठरावाचा कागद. शालन लॉबीतून निघाली. पट्टा सैल, मुकादम गुडघ्याला गुडघा लावून. खांब मागे पडला, खुर्च्या मागे पडल्या, गेट आलं. गेटला वळसा घालून दोघं परत फिरली तेव्हा कुणीतरी टाळी वाजवली. आता फक्त वीस पावलं. शालनला हसू फुटलं, आणि नेमका खुर्च्यांखालून पिवळा बोका निघाला.

पट्टा सट्‌कन ताणला. शालननं तोंड उघडलं, फुस्स झालं. चप्पल गेली. बोका झेंड्याच्या खांबाकडे, मुकादम बोक्याकडे, बायका पदर सावरत बाजूला, आणि खांबाजवळ कोण, तर पुन्हा परचुरे. मागे सरकायला जागा नाही. दोन महिने रोज सकाळी सहाला जे ऐकून ते अंथरुणात तळमळले होते, तेच त्यांच्या तोंडून माइकवर जसंच्या तसं बाहेर पडलं, बाईंच्याच ठसक्यात.

"मुकादम, दक्ष!"

मुकादम बसला. परचुऱ्यांपासून दोन हातांवर. अख्ख्या सोसायटीनंही टाचा जुळवल्या.

परचुऱ्यांनी घड्याळात बघितलं. आठ. त्यांनी दोरी ओढली, झेंडा फडकला, राष्ट्रगीत झालं. मुकादम मान वर करून बसून होता. राष्ट्रगीत संपलं तशी मंडळी सैलावून जिलबीकडे वळली. परचुऱ्यांनी कागद उघडला.

"पट्टा ताणला गेला, जगदाळेबाई."

शालननं मान डोलावली. ताणला होता, खोटं काय बोलायचं? डोळे भरून आलेले तिनं लपवले नाहीत. तिनं पट्टा हलकेच ओढला, पण मुकादम उठेना. वीतभर अंतरावर बोका पंजा चाटत होता, मुकादमाच्या जबड्यातून लाळेची तार लोंबत होती, पाठ थरथरत होती, पण बुड टेकलेलं ते टेकलेलंच.

"हा उठत का नाही?" परचुऱ्यांनी विचारलं.

"तुम्ही अजून विश्राम म्हणाला नाहीत," अनिरुद्ध म्हणाला.

परचुऱ्यांनी जिलबीच्या टेबलाकडे बघितलं. सगळी सोसायटी तिथे होती. मग मुकादमाकडे बघितलं. मग पुन्हा टेबलाकडे.

"अकरा वर्षं मी हे झेंडावंदन घेतोय," ते हळूच म्हणाले. "अकरा वर्षांत माझ्या विश्रामसाठी कुणी थांबलेलं नाही."

त्यांनी ठरावाची चार घड्यांची घडी करून खिशात घातली, माइक बंद केला आणि नुसत्या तोंडानं म्हणाले, "विश्राम." मुकादम आडवा झाला आणि त्यानं परचुऱ्यांच्या पॉलिश केलेल्या बुटांवर हनुवटी ठेवली. खारी कुणाच्याच खिशात नव्हती. परचुऱ्यांनी स्वतः जाऊन जिलबी आणली.

"आवाज कधी येणार तुमचा?" त्यांनी शालनला विचारलं. तिनं चार बोटं दाखवली. "मग चार दिवस सहाला मी खाली येतो. पट्टा तुम्हीच धरायचा, मला माझे खांदे जागेवर हवेत."

दुपारी बोर्डावर नवी सूचना होती. ‘आजच्या झेंडावंदनास विश्राम म्हणेपर्यंत थांबलेले रहिवासी : एक. इतरांनी त्यांच्याकडे शिकवणी लावावी.’

शालननं ती दोनदा वाचली. मग घरी येऊन तिनं फोन अनिरुद्धच्या हातात दिला आणि मांजरीला नागोरावांना लावून मुकादम येत नाही असं कळवायला खुणेनं सांगितलं, कारण तिला स्वतःला अजून बोलता येत नव्हतं.