जिन्याचं माप

भिंगरीने तक्ता दारामागे चिकटवला आणि दोन पावलं मागे सरून स्वतःलाच मनातल्या मनात शाबासकी दिली. चार रंगांची स्केचपेनं, पट्टीने आखलेल्या रेघा आणि वर ठसठशीत अक्षरं : ‘भोंगा वाजला की कोणी काय करायचं’.

भोंगा म्हणजे धरणाचा. धरणाचे दरवाजे बदलायचं काम काढलं होतं आणि पुढचे तीन महिने कधीही भोंगा वाजला तर नदीकाठच्या इमारती बारा मिनिटांत रिकाम्या करायच्या, अशी नोटीस लागली होती. रविवारी सकाळी दहाला रंगीत तालीम होती. शाळेत सुरक्षा गटाची प्रमुख झाल्यापासून भिंगरी जमिनीपासून चार बोटं वरूनच चालत होती, त्यामुळे घरचा कारभार तिने न विचारताच हातात घेतला.

बाबांनी मोठ्याने वाचलं, “बाबा : गॅस, मेन स्विच, मोठी बॅग. आई : कागदपत्रं, किल्ल्या. मी : पाणी, टॉर्च, औषधं, मांजर. वा! काही म्हणता काही विसरली नाही पोरगी.”

खिडकीपाशी शिवणयंत्राचं चाक थांबलं. लहानपणीच्या तापात आत्याचे पाय गेले होते. बाबांची ही थोरली बहीण हाताने चाक फिरवून अख्ख्या गल्लीचे कपडे शिवायची आणि तिच्या जिभेला कात्रीहून जास्त धार होती.

“मांजराला माणूस मिळालं,” ती म्हणाली. “मला नाही?”

भिंगरीचे कान तापले. दोन दिवस खपून तिने मांजराच्या खोक्याला भोकंसुद्धा पाडून ठेवली होती. पण आत्या? आत्या घरात खिडकीसारखी होती, कायमची. खिडकी कोण बॅगेत भरतं?

त्यात भर म्हणून दारावर सोसायटीचे सेक्रेटरी. पहिल्या मजल्यावर राहायचे, छातीवर शिट्टी आणि काखेत फाइल.

“ताई, राग मानू नका,” ते आत्याला म्हणाले. “चालता न येणाऱ्यांची तीन महिने शहराच्या त्या टोकाला, आश्रमात सोय केलीय. माझ्या आईचं नाव मी सगळ्यात पहिलं घातलंय, गुडघे गेलेत ना तिचे. रविवारी तालीम झाली की गाडी येईल. इथे सही करा.”

“माझं मशीन?”

“तिथे कुठलं मशीन! आराम करा की जरा.”

“आराम मेल्यावर करीन. घाई काय आहे?”

“अहो, तिसऱ्या मजल्यावरून तुम्हाला खाली आणणार कोण? बारा मिनिटांत उतरून दाखवा, मी हा फॉर्म परत घेतो!” सेक्रेटरी वैतागून बोलून गेले.

“दिला शब्द?” भिंगरीने तिथल्या तिथे हात पुढे केला.

“दिला, दिला,” म्हणत ते निघून गेले. फॉर्म टेबलावरच राहिला.

बाबांनी लगेच बाह्या सरसावल्या. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर लोकांच्या लिफ्टा वरखाली करणाऱ्या माणसाच्या इमारतीला लिफ्ट नव्हती, हा गल्लीतला जुना विनोद होता. त्यांनी आत्याला पाठुंगळी घेतलं आणि चौथ्या पायरीवर त्यांची कंबर ‘आई गं’ म्हणाली.

“ताई, तू खातेस तरी काय?”

“तुझं डोकं! सोडू नकोस रे मेल्या!”

मग चाकाची खुर्ची उतरवून पाहिली. ती पहिल्याच वळणावर अशी रुतली की पुढे जाईना की मागे. शेवटी आई आली. आई शाळेची बस चालवायची, वळणातलं तिला कळायचं. तिने खुर्ची तिरकी करून सोडवली आणि म्हणाली, “वन्सं, ही गाडी या रस्त्याची नाही.”

भिंगरी जिन्यातच मटकन बसली. रविवारी आत्या गाडीत बसून जाणार, खिडकीपाशी नुसतं मशीन उरणार. सगळ्यांचा विचार केला असं वाटत असताना आपण तिलाच विसरलो, हे तिला राहून राहून बोचत होतं.

“तोंड काय पाडून बसलीस?” आत्या वरून ओरडली. “माप न घेता कपडा बेतला तर असाच फसतो. टेप घे आणि जिन्याचं माप आण.”

“जिन्याचं?”

“मग काय माझं? माझं मला पाठ आहे.”

भिंगरी टेप घेऊन सुटली. पायऱ्यांची उंची, रुंदी, कठड्याचं अंतर, प्रत्येक वळण. ती खालून ओरडायची आणि आत्या वर खडूने फरशीवर लिहायची.

“वरचं वळण एक्केचाळीस इंच! मधलं एक्केचाळीस! खालचं... एकोणतीस!”

“एकोणतीस? नीट घे.”

“नीटच घेतलंय! सेक्रेटरीकाकांचं चपलांचं कपाट आहे इथे.”

“मी बेतणार एक्केचाळीसनेच,” आत्या म्हणाली. “जिन्याला कुणीतरी चुणी घातलीय, ती उसवायला सांग.”

आत्याला गुंडाळून जिन्यावरून घसरवत न्यायची झोळी बेतली गेली आणि चार दिवस घरात दुसरं काही सुचलं नाही. बाबांनी ट्रकवरची जुनी ताडपत्री आणली. तळाला घसरण्यासाठी रेक्झिन लागलं. धरायचे सहा पट्टे निघाले ते भिंगरीच्या पहिलीपासूनच्या दप्तरांचे. एकावर अजून तिने काढलेलं निळं बदक होतं. प्रत्येक पट्ट्याला आत्याने चौकोनी शिलाई मारली, वर फुली मारली. दोन सुया मोडल्या. आत्याने त्यांना आणि धरणाला एकाच दमात शिव्या घातल्या.

पहिली फेरी भिंगरीची. तिला आत गुंडाळून, पाय पुढे करून खाली सोडलं.

“आत्या! पायऱ्या मी डोक्याने मोजल्या!”

“किती आहेत?”

“चोपन्न!”

आत्याने डोक्याखाली जाड गादी शिवली.

कपाटाचा प्रश्न राहिला. शुक्रवारी भिंगरी स्वतः गेली. “काका, कपाट हलवा. जिना अडतोय.”

“वीस वर्षं तिथेच आहे ते.”

“नोटिशीतला चौथा मुद्दा : जिने मोकळे ठेवावेत. खाली सही तुमचीच आहे.”

“लहान तोंडी मोठा घास घेऊ नये,” म्हणत त्यांनी दार लावलं. पण लावता लावता आतून त्यांच्या म्हाताऱ्या आईचा खुदकन हसल्याचा आवाज भिंगरीने ऐकलाच.

शनिवारी तिने जुना तक्ता फाडला. नव्यावर दोनच ओळी होत्या. ‘सगळे : आत्या. आत्या : सगळ्यांना ओरडणे.’

रविवारी दहाला शिट्टी झाली.

गॅस बंद, मेन स्विच बंद, बॅगा खांद्यावर, खोक्यातलं मांजर भिंगरीच्या पाठीवर. आत्या ताडपत्रीत, पट्टे आवळलेले. पायांकडे आई, मधे भिंगरी. डोक्याकडे बाबा, त्यांनी कामावरचा एक पट्टा कठड्याला वेढा देऊन ब्रेकसारखा धरला होता. “सोड... धर... सोड...” वरचं वळण लोण्यासारखं गेलं. मधलंही. चौथ्या मजल्यावरचे लोक मागून येऊन थांबले आणि पहिल्या मजल्यावर, सात मिनिटं झाली असताना, कपाटापाशी घोडं अडलं.

“उभं करून काढू या?” बाबा कुजबुजले.

“काही उभं करायचं नाही!” आत्या गरजली. गुंडाळलेल्या गादीसारखी पडलेली होती, पण आवाज तळमजल्यापर्यंत पोचला. “सेक्रेटरी! पाणी आलंय असं धरा! आधी तुमच्या चपला जाणार का मी?”

जिना हसला. “आम्हीही अडकलोय हो!” मागून कुणीतरी ओरडलं. सेक्रेटरी घड्याळ हातात धरून दोन-दोन पायऱ्या चढत आले आणि कपाटापाशी थबकले.

“काका,” भिंगरी म्हणाली, “तालमीतच माणसं अडकली, तर भोंग्याच्या दिवशी काय होईल?”

तेवढ्यात त्यांचं दार उघडलं. गाडी येणारच म्हणून त्यांनी आईला तालमीला उतरवलंच नव्हतं. आजी चौकटीला धरून उभी होती.

“ओढ ते मेलं कपाट! वीस वर्षं मी त्याला ठेचकाळतेय!”

सेक्रेटरींनी ओढलं. दारं उघडली आणि वीस वर्षांच्या चपला धबाधबा जिन्यावर कोसळल्या. त्यांच्यावरून आत्या घसरत, डुलत, “हळू रे, हळू!” करत अंगणात उतरली.

सेक्रेटरींनी घाम पुसला, घड्याळ पाहिलं. “अकरा मिनिटं वीस सेकंद,” ते पुटपुटले.

“शब्द, काका,” भिंगरी म्हणाली. तिने खांद्यावरच्या बॅगेतून तो फॉर्म काढून त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी खिशातलं पेन काढलं, आत्याच्या नावावर आडवी रेघ मारली आणि फॉर्म आत्याच्याच हातात दिला. तिने तो पडल्या पडल्या उलटून पाहिला.

“मागची बाजू कोरी आहे. बरं झालं, माप लिहायला कागद लागणारच होता.”

“कोणाचं माप?” सेक्रेटरींनी विचारलं.

उत्तर वरून आलं. “ए पोरी! टेप घेऊन वर ये! आणि त्या गाडीवाल्याला म्हणावं, रिकामीच ने!” आजी ओरडत होती. “वजन मात्र विचारायचं नाही, सांगून ठेवते!”

भिंगरी चपला तुडवत वर पळाली. वळणावर क्षणभर थांबून तिने टेप ताणला.

“आत्या!” ती खाली वाकून ओरडली. “एक्केचाळीस!”