देखभाल भेट

पंपाच्या कंपनीत बावीस वर्षं हाडं झिजवलेल्या माणसाला गिऱ्हाईक कसं ओळखावं हे शिकवायला नागपूरहून एक पोरगी येणार, हे ऐकून इब्राहीमभाऊंना आधी हसूच आलं. सिंदेवाही-ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात असं एक डिझेल इंजिन नव्हतं, की ज्याचा आवाज त्यांनी डोळे मिटून ओळखला नसता. पण साल होतं दोन हजार चार, आणि चंद्रपूरच्या ऑफिसात कॉम्प्युटर येऊन बसले होते. बसले म्हणजे चांगले मांडी घालून बसले होते.

पोरीचं नाव दामिनी. तिच्या सॉफ्टवेअरला सीआरएम म्हणत. तिनं समजावलं ते असं, की एकेका गिऱ्हाइकाची एकेक नोंद. त्यात नाव, गाव, कोणता पंप, कधी बिघडला, कोण भेटून आलं, सगळं एका जागी. मग कोणाकडे कधी जायचं हे सॉफ्टवेअरच आठवण करून देणार.

"मले तं तसंही याद राह्यते," इब्राहीमभाऊ म्हणाले.

"तुम्हाला राहते चाचा, पण कंपनीला नाही राहत ना."

इब्राहीमभाऊ खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले ते दोन महिने बसले.

फॉर्म मुळात मोठ्या शहरातल्या कंपन्यांसाठी बनवलेला. त्यात हुद्दा, विभाग, वेबसाईट असले रकाने, आणि ई-मेलच्या रकान्यावर तर लाल चांदणी. तो भरल्याशिवाय नोंद पुढे सरकायचीच नाही. लटारू नावाच्या शेतकऱ्याचा ई-मेल काय लिहायचा, यावर दोघं पोट धरून हसले. मग दामिनीनं एकेक रकाना काढला आणि इब्राहीमभाऊ सांगतील तसे नवे घातले. पाणी कुठून घेता, तलाव की शेतातली बोडी की विहीर. भाताचा रोवणा कधी, म्हणजे त्या दिवसांत कोणी जाऊन त्या घरचं डोकं खाऊ नये. घरात निर्णय कोण घेतं. इब्राहीमभाऊ बोलत, ती टाईप करी. बायको रशिदा गेल्यापासून चार वर्षांत त्यांचं एवढं बोलणं कोणी ऐकलं नव्हतं. घरी गेल्यावर बोलायला स्टोव्ह तेवढा होता, आणि तोही आताशा नीट पेटत नसे.

मार्चच्या शेवटी ताराबाईंचं नाव आलं.

दामिनी थांबली. "चाचा, ही बाई सुटते. तीन वर्षांत ज्यांनी एकही पार्ट घेतला नाही, ती नावं नव्या सिस्टीममध्ये घ्यायची नाहीत असा नियम आहे. हिनं तर सात वर्षांत काही घेतलं नाही." तिनं जुनं रजिस्टर उलटंपालटं केलं. "पण भेटी चौऱ्याऐंशी?"

ताराबाईंचा नवरा इस्तारी सात वर्षांपूर्वी वारला. शेत धाकट्या दिरानं करायला घेतलं, त्याची विजेवरची मोटार होती. इस्तारीचं इंजिन घरामागच्या सपरीत, उघड्या छपराखाली, पडून राहिलं. इब्राहीमभाऊ दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जात. टाकीत थोडं डिझेल ओतत, हँडल मारून इंजिन दहा मिनिटं चालवत, पुसत, वर पोतं झाकत. इंजिन जाम होऊ नये म्हणून. मग ताराबाई चहा आणत आणि दोघं तासभर बोलत बसत. त्या इंजिनानं सात वर्षांत थेंबभर पाणी ओढलं नव्हतं. ते जपायचं कशाला, हे इब्राहीमभाऊंनी ताराबाईंना विचारलं नाही, आणि ताराबाईंनीही त्यांना विचारलं नाही.

आता नोंद नाही तर भेट नाही, एवढं सॉफ्टवेअर त्यांना कळू लागलं होतं.

"हे नाव राहू दे बेटा."

"कारण काहीतरी घालावं लागेल."

"इंजिनची देखभाल करा लागते ना. नाई तं जाम होते ते."

दामिनीनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं. तिनं भेटीचा एक नवा प्रकारच बनवला. नाव दिलं 'देखभाल भेट'. दर महिन्याला आपोआप आठवण. खाली टिपणाची मोठी चौकट. "यात काय लिहू?" असं तिनं विचारलं, आणि नाव राहिल्याच्या आनंदात इब्राहीमभाऊ सुटले. डावा गुडघा दुखतो, आल्याबरोबर तो विचारायचा. पोरगी डिंपल पळून जाऊन लग्न करून सुरतेला गेली, तिचं पत्र येत नाही; तिचं आधी काढायचं नाही, चहा झाल्यावर हळूच काढायचं, म्हणजे बाई मोकळ्या होतात. दिराचं नाव घ्यायचं नाही. चहा कोराच असतो, नाही म्हणायचं नाही. दामिनीनं अक्षर न् अक्षर टाईप केलं. हे सगळं इब्राहीमभाऊंनी याआधी कोणाजवळ काढलं नव्हतं. त्यांना त्या दिवशी फार हलकं वाटलं.

जूनमध्ये सॉफ्टवेअर सुरू झालं. दामिनी नागपूरला परत गेली. पहिल्या सोमवारी सकाळी आठवण बरोबर आली, फक्त ती ऑफिसातल्या तरुण अमरच्या पडद्यावर आली.

प्रत्येक नोंदीत 'मालक' नावाचा एक रकाना होता. हे गिऱ्हाईक आपल्या कोणत्या माणसाचं, ते त्यात लिहायचं. इब्राहीमभाऊंनी तिथे आपलं नाव पाहिलं होतं, त्यांना ते आवडलंही होतं. ते बदलता येतं, तीनशे जणांचं एका बोटासरशी बदलता येतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. हेड ऑफिसनं तालुकावार वाटणी केली. सिंदेवाही अमरकडे गेली, आणि तिच्याबरोबर ताराबाईंचं गावही. पंचावन्नच्या वरच्या माणसांनी उन्हातान्हात फिरू नये म्हणून त्यांना फोनवर बसवलं. साहेब म्हणाले, आता आराम करा. तक्रार तरी काय करायची? तीनशे नावं घ्या, पण एक मला ठेवा, असं कुठल्या तोंडानं म्हणणार? कंपनीनं रजिस्टरातून काढलं असतं तर ते सुट्टीच्या दिवशी गुपचूप जात राहिले असते, कोणाला पत्ता लागला नसता. वाचवायला म्हणून त्यांनीच ते नाव आत घातलं होतं, आणि आपल्या हातानं घालवलं होतं.

ते कानाला फोनचं यंत्र लावून बसत आणि दिवसभर लोकांना पंप कसा आहे ते विचारत. ताराबाईंकडे फोन नव्हता. जेवणाच्या सुट्टीत ते ताराबाईंची नोंद उघडून पाहत. जूनला अमरनं लिहिलं होतं, 'भेट पूर्ण. इंजिन चालू. गुडघा विचारला.' जुलैला, 'भेट पूर्ण. इंजिन चालू. गुडघा, डिंपल विचारले.' पोरगा कामाला चोख होता. इब्राहीमभाऊंना त्याचा इतका राग आला की त्यांची त्यांनाच लाज वाटली.

ऑगस्टच्या एका रविवारी ते एस.टी.नं निघाले. खांद्याला पान्यांची पिशवी नव्हती, त्यामुळे हात कुठे ठेवावे हे त्यांना वाटभर कळेना.

ताराबाई ओसरीत मोहाच्या टोळ्या, म्हणजे बिया, दगडानं फोडत बसल्या होत्या. "या भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमाले ऑफिसात बसोलं म्हने. बरं झालं. उमर झाली आता."

"तुमचा गुडघा कसा हाय बाई?"

ताराबाई हसल्या, पण नेहमीसारखं नाही. "तुमीबी तेच. तो पोरगा बी आल्या आल्या गुडघ्याचंच इचारते. चाय पेऊन झाला का डिंपलचं इचारते. मी म्हटलं, बाबू, तुले कसं ठाऊक? तं म्हने, कम्प्युटरात लिहून हाये. कंपनी सांगते तसं इचारा लागते." त्यांनी दगड खाली ठेवला. "मले आपलं वाटे, तुमी आपल्या मनानं इचारता."

इब्राहीमभाऊंनी तोंड उघडलं. मी माझ्या मनानंच विचारत होतो, असं म्हणावं, तर मग ते कॉम्प्युटरात कोणी घातलं? यांच्या पोरीचं दुःख परक्या माणसापुढे कोणी मांडलं? मीच. आणि कंपनीनंच विचारायला लावलं म्हणावं, तर सात वर्षांतले सगळे सोमवार कंपनीचे होऊन जातात. त्यांना काहीच बोलता आलं नाही. ताराबाईंनी त्या गप्प बसण्याचा अर्थ काढायचा तोच काढला.

"देरानं दोनदा इंजिन मांगतलं," त्या खाली बघत म्हणाल्या. "मी देल्लं नाई. म्हटलं, भाऊ येते, त्याईले यायसाठी काई तं पायजे. पन कंपनीचंच काम होतं, तं मंग काऊन अडवून ठेवाचं? परवा गाडी घेऊन आला, नेलं त्यानं."

इब्राहीमभाऊंनी सपरीकडे पाहिलं. जमिनीवर तेलाचा काळा डाग होता आणि पोतं घडी करून कोपऱ्यात ठेवलं होतं. म्हणजे इंजिन हे निमित्त आहे, हे ताराबाईंनाही ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि त्यांनी ते इंजिन इब्राहीमभाऊंच्या येण्यासाठी सांभाळलं होतं.

"मंग आज कोन्या कामानं आले, भाऊ?"

विचारताना ताराबाईंनी मान वर केली होती. उत्तर इब्राहीमभाऊंच्या ओठावर आलं होतं. पण सात वर्षं ज्याच्या आडून या अंगणात पाऊल टाकलं, ते काम आज जवळ नव्हतं, आणि कामाशिवाय बोलायची त्यांच्या जिभेला सवय नव्हती.

"सिंदेवाहीले काम होतं."

"आज आयतवार हाय," ताराबाई म्हणाल्या, आणि थांबल्या. चांगल्या थांबल्या.

"हो," इब्राहीमभाऊ म्हणाले.

मग त्या चहा मांडायला आत गेल्या. परतीच्या बसला अजून दोन तास होते.